रणात देव कुणाच्या बाजूला?

बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एक नोंद आहे. तिच्यावर प्रवचन झालेले सहसा ऐकू येत नाही. यहूदा वंशाच्या सोबत परमेश्वर होता, म्हणून डोंगराळ मुलूख त्यांच्या हाती आला. सपाटीवरच्या लोकांना मात्र त्यांना हुसकावता आले नाही, कारण त्या लोकांकडे लोखंडी रथ होते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ज्यांचे दिवस इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओतण्यात जातात, त्यांना हे कारण समजावून सांगावे लागणार नाही. पण भाविकाला ते खटकते. देव सोबत असताना लोखंड आड कसे येते?

त्याच पुस्तकात आणखी तीन अध्याय पुढे गेले की चित्र पालटते. कनानी सेनापती सीसरा 900 लोखंडी रथ घेऊन येतो आणि कीशोन ओढ्याकाठी त्याची दाणादाण उडते. त्यानंतरच्या दबोराच्या गीतात या विजयाचे श्रेय आकाशातल्या ताऱ्यांना आणि ओढ्याच्या लोंढ्याला दिले आहे. एकाच ग्रंथात रथ एकदा देवाला भारी पडतात, एकदा चिखलात रुततात. बायबलमधल्या लढायांत देवाने हात घातला म्हणजे नेमके काय झाले, हा वाद दोन हजार वर्षे चालू आहे. तो बाहेरच्या टीकाकारांनी आणून टाकलेला नाही, ग्रंथाच्या पोटातच आहे.

वाद कोल्हापुरात कसा पोचला

अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथेच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशन चळवळीचा मोठा प्रवर्तक झाला. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये दवाखाना उभा केला. शाळा, दवाखाने आणि उपासनेतून यरीहो, गिदोन, दावीद ही नावे पंचगंगेच्या खोऱ्यातल्या मराठी घरांत रुळली. 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून पंडिता रमाबाईंनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर बाहेर पडले, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.

पण ही नावे रिकाम्या जागेत आली नव्हती. इथल्या देवांनी आधीच लढाया मारलेल्या होत्या. अंबाबाईने कोल्हासुराला मारले, वाडी रत्नागिरीच्या जोतिबाने रत्नासुराला. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करण्याची रीत कारखान्यात शिरली तेव्हा तलवारीची जागा यंत्राने घेतली. त्या दिवशी कुठल्याही मशीनशॉपमध्ये डोकवावे. सीएनसीच्या पॅनेलवर झेंडूची माळ असते, लेथच्या चकला हळदकुंकू लागलेले असते, पाटावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने आणि हातोडे ओळीने मांडलेले असतात, आणि एरवी ज्याला हात लावला की सुपरवायझर ओरडतो त्या बटणाच्या बाजूला उदबत्ती खोचलेली असते. हत्यारात देव उतरतो ही समजूत इथे पुस्तकातून शिकावी लागत नाही. म्हणून बायबलच्या रणकथा मराठी माणसाला परक्या वाटल्या नाहीत. त्यांच्यातली अडचणही त्याला ओळखीचीच वाटायला हवी.

या लढायांत देव करतो काय?

सगळ्या लढाया एका साच्यातल्या नाहीत. निर्गमच्या चौदाव्या अध्यायात इस्राएल लोकांनी फक्त उभे राहायचे आहे. समुद्र दुभंगतो, मिसरी रथांची चाके अडकतात, पाणी परत येते. एकही इस्राएली तलवार उपसत नाही. तरी लेखकाने रात्रभर वाहणारा पूर्वेचा वारा नोंदवला आहे. चमत्काराच्या मधोमध हवामानाची नोंद!

तीनच अध्याय पुढे अमालेकाशी गाठ पडते आणि रीत बदलते. आता खाली यहोशवा प्रत्यक्ष लढतो आहे आणि टेकडीवर मोशे हात वर करून उभा आहे. हात वर असले की इस्राएलची सरशी, खाली आले की अमालेकाची. म्हातारे हात दुखतात, तेव्हा त्याला बसायला धोंडा देतात आणि अहरोन व हूर दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवतात. देवाची मदत दोन माणसांच्या खांद्यांवर तोललेली आहे.

गिदोनाच्या कथेत देव सैन्य कमी करत जातो. 32,000 जण जमतात. जे घाबरले त्यांनी घरी जावे म्हटल्यावर 22,000 निघून जातात. मग पाणी कोण कसे पितो यावरून निवड होते आणि 300 उरतात. जय आपल्या बळावर मिळाला असे कुणाला म्हणता येऊ नये, हे कारण कथेतच दिले आहे. पण पुढे वाचावे तर ते 300 रात्री, पहारा बदलण्याच्या वेळी, मडक्यात मशाली लपवून छावणीला घेरतात आणि एकदम रणशिंगे फुंकतात. सिंहगडाच्या, शाहिस्तेखानावरच्या छाप्याच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या वाचकाला हा गनिमी कावा चटकन ओळखू येतो.

यरीहोला सात याजक, सात रणशिंगे आणि सात दिवसांच्या प्रदक्षिणा. पण त्याआधीच्या अध्यायात एक छोटा प्रसंग आहे आणि तो या सगळ्या वादाची किल्ली आहे असे मानणारे अभ्यासक बरेच आहेत. नागवी तलवार घेतलेला एक पुरुष यहोशवाला भेटतो. तू आमचा की शत्रूचा, असे यहोशवा विचारतो. उत्तर दोन्हीला नकार देणारे येते. तो परमेश्वराच्या सेनेचा सरदार आहे, कुणाच्या बाजूचा ते सांगत नाही. एवढे बोलून कथा पुढे सरकते आणि शहर पडते. नकार आणि विजय शेजारीशेजारी ठेवणाऱ्या संपादकाच्या मनात काय होते, यावर एकमत नाही.

मातीतला पुरावा

एकोणिसाव्या शतकापर्यंत वाद ग्रंथाच्या अर्थाचा होता. मग कुदळी आल्या. यरीहोच्या टेकाडावर 1930 च्या दशकात जॉन गार्स्टँग यांना पडलेल्या भिंती सापडल्या आणि त्यांनी त्या यहोशवाच्या काळाशी जोडल्या. 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केनियन यांनी तिथेच अधिक काटेकोर उत्खनन केले. शहराचा तो नाश इसवी सनापूर्वी 1550 च्या सुमाराचा, म्हणजे यहोशवाचा जो काळ सहसा धरला जातो त्याच्या कितीतरी आधीचा, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आज बहुतेक पुरातत्त्वज्ञ केनियन यांच्या बाजूने आहेत. मोजके अभ्यासक कालगणना पुन्हा तपासा म्हणतात.

सन्हेरीबाच्या स्वारीचे मात्र तसे नाही. इसवी सनापूर्वी 701 मध्ये अश्शूरच्या या राजाने यहूदावर चाल केली, यात शंका नाही. त्याचा स्वतःचा वृत्तान्त मातीच्या षट्कोनी प्रिझमवर कोरलेला आहे आणि तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात 46 तटबंदीची गावे घेतल्याचा आणि हिज्कीया राजाला यरुशलेमात कोंडल्याचा डौल आहे, खंडणीचा हिशेब आहे. यरुशलेम घेतल्याचा दावा मात्र नाही. बायबल म्हणते, एका रात्रीत देवदूताने 1,85,000 जणांना मारले. बायबलमध्येच, आदल्या अध्यायात, हिज्कीयाने 300 किक्कार रुपे आणि 30 किक्कार सोने खंडणी दिल्याचेही लिहिले आहे. सोन्याचा आकडा दोन्हीकडे 30 च आहे. हिरोडोटस याने मिसरातली आणखी एक कथा ऐकून लिहिली: सन्हेरीबाच्या छावणीत रात्री उंदीर शिरले आणि त्यांनी धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्या. देवदूत, उंदीर आणि खंडणी असे तीन खुलासे झाले. काहींना उंदरांवरून प्लेगची शंका येते. शहर वाचले, एवढ्यावर सगळे सहमत आहेत. कशामुळे वाचले, यावर नाहीत.

तिसरा पुरावा सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. 1868 मध्ये आजच्या जॉर्डनमध्ये धीबान इथे मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला. तो इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला असून आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मेशाची भाषा शब्दाशब्दाला बायबलची आठवण करून देते. आपला देव कमोश देशावर रागावला म्हणून इस्राएल शिरजोर झाले, मग कमोशाने जा म्हणून सांगितले आणि आपण जाऊन गाव जिंकले, तिथली सारी माणसे मारून देवाला वाहिली. देवाचे नाव तेवढे वेगळे. शत्रूही आपल्या देवाबद्दल हेच बोलत होता. तेव्हा देव आमच्यासाठी लढला हे म्हणणे त्या काळची सर्वसाधारण राजभाषा होती, असे एक मत पुढे आले. त्यावरचे उत्तर असे, की भाषा एकच असली तरी इस्राएलने तिच्यात स्वतःच्या पराभवांची कबुली घातली, आणि ती फार थोड्या राजांनी घातली.

वाचण्याच्या रीती

दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने सरळ मार्ग धरला. हा लढणारा देव येशूचा पिता असूच शकत नाही, जुना करार बाजूला ठेवा. चर्चने त्यालाच बाजूला ठेवले, पण त्याचा प्रश्न ठेवून घेतला. तिसऱ्या शतकात ओरिजेनने तोड काढली: यहोशवाच्या लढाया म्हणजे माणसाच्या आतल्या दुर्गुणांशी चाललेल्या लढाया. कनानी म्हणजे क्रोध, लोभ, वासना. ही तोड मराठी वाचकाला नवी नाही. कुरुक्षेत्र बाहेर की आत, हाच वाद गीतेवरून झाला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोग्याला प्रसंगी प्रत्यक्ष रणातून सुटका नाही. महात्मा गांधींना ते युद्ध मनातले वाटले. दोघांनाही अनुयायी मिळाले आणि वाद तिथेच राहिला.

निसर्गनियमांचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात गिबोनावर सूर्य आणि अयालोनच्या खोऱ्यावर चंद्र थांबतो. हा सूर्य आणि हा जयद्रथ म्हणणाऱ्या संस्कृतीला लढाईच्या सोयीने हलणारा सूर्य माहीत आहे. युरोपात मात्र याच ओळींवरून गॅलिलिओला 1615 मध्ये ग्रँड डचेस क्रिस्टिना हिला लांबलचक पत्र लिहावे लागले. पवित्र ग्रंथ खगोलशास्त्र शिकवायला लिहिलेला नाही, असा त्याचा मथितार्थ. 2017 मध्ये कॉलिन हम्फ्रीज आणि ग्रॅम वॉडिंग्टन या ब्रिटिश संशोधकांनी इसवी सनापूर्वी 1207 मधल्या कंकणाकृती ग्रहणाशी हा प्रसंग जोडला. अशा खुलाशांनी श्रद्धाळू खूश होतात, ही गंमतच आहे. ग्रहण ठरले की चमत्कार गेला, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मुळात बायबलच ही कथा याशाराच्या पुस्तकातून, म्हणजे आधीच्या एका काव्यसंग्रहातून घेतल्याचे सांगते. काव्याला काव्य म्हणून वाचणारा एक मोठा गट त्यावर बोट ठेवतो.

विसाव्या शतकातल्या चर्चेचा पाया जर्मन अभ्यासक गेरहार्ड फॉन राड यांनी 1951 मध्ये घातला. प्राचीन इस्राएलमध्ये ‘पवित्र युद्ध’ ही विधीसारखी ठराविक संस्था होती, अशी त्यांची मांडणी. पुढच्या अभ्यासकांनी तिला बरीच छिद्रे पाडली, पण चौकट त्यांचीच वापरली. 1978 मध्ये पीटर क्रेगी यांनी म्हटले, की देव माणसांच्या इतिहासात उतरतो म्हणजे त्यातल्या रक्तालाही हात लावतो, सोवळे राहून उतरता येत नाही. दोनच वर्षांनी शांततावादी मेनोनाइट परंपरेतले मिलर्ड लिंड यांनी त्याच कथा उलट्या वाचल्या: परमेश्वर लढतो याचा अर्थच मुळी माणसाने लढू नये. समुद्राकाठचा प्रसंग हा मूळ नमुना, बाकीच्या लढाया म्हणजे घसरण. लिंड यांची मांडणी देखणी आहे. पण अध्यायांमागून अध्याय तलवारी चालतात, त्या सगळ्यांना घसरण म्हणायला बरीच हिंमत लागते.

मराठी मुलखातले दाखले

बायबलची रणकथा मराठीत पहिल्यांदा मोठ्या ताकदीने आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तून. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने ओवीत लिहिलेला हा ग्रंथ 1616 मध्ये छापला गेला. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे. ही ओवी ज्या साष्टीत वाचली जात होती, तिथे 1583 मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले होते आणि पुढे बोलणीसाठी म्हणून बोलावलेल्या गावकऱ्यांना पोर्तुगीजांनी असोळणेच्या किल्ल्यात ठार केले होते. तिथे यहोशवाची कथा ऐकणाऱ्या नवख्रिस्ती माणसाने स्वतःला कुणाच्या जागी पाहिले असेल, इस्राएलाच्या की कनानाच्या?

मराठेशाहीच्या साधनांत हाच प्रश्न दुसऱ्या रूपात भेटतो. अफजलखानाशी 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली गाठ पडली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त भवानी शिवरायांना दर्शन देते आणि त्यांच्या तलवारीत आपला वास राहील असे सांगते. सभासदाच्या बखरीतही देवी अभय देते. पण याच साधनांत अंगातले चिलखत आहे, जावळीच्या रानात दडवलेल्या फौजा आहेत, इशारतीची तोफ आहे. बखरकाराला दोन्ही एका दमात सांगताना कुठेही अडखळायला होत नाही. गिदोनाची मडकी आणि परमेश्वराचा हात अशाच एका दमात येतात. ‘देवीमुळे की डावपेचामुळे’ हे द्वंद्व नंतरच्या वाचकांनी पाडले, असे म्हणायला जागा आहे.

तलवारीची गोष्ट तर पुढे थेट कोल्हापुरात येते. देवीने तलवार हातात दिली, ही लोकप्रिय चित्रांतली आवृत्ती. तलवार पोर्तुगीज बनावटीची होती आणि कोकणात सावंतांकडून आली, अशीही एक परंपरा आहे. 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आला तेव्हा कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज अजून मूलच होते. त्यांच्या वतीने दिलेल्या भेटीतली एक तलवार इंग्लंडच्या राजसंग्रहात गेली. ती ‘भवानी’ म्हणून परत आणण्याचा प्रयत्न 1980 मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी केला. ती भवानी नव्हे, ‘जगदंबा’ आहे, असे अनेक इतिहास अभ्यासकांचे म्हणणे. दैवी मदतीच्या कथेला वस्तू चिकटली की वाद संग्रहालयात आणि मंत्रालयात जातो. बायबलच्या कराराच्या कोशाचा शोध घेणाऱ्यांचे आजही तेच चालले आहे.

जेजुरीला सांगतात, औरंगजेबाच्या फौजेने देवळाला हात घालताच भिंतीतून भुंगे उठले आणि फौज पळाली. बादशहाने मग सव्वा लाखाचे दान दिले. यहोशवाच्या शेवटच्या अध्यायातही परमेश्वराने गांधीलमाश्या पाठवून शत्रूला हुसकावल्याचे आहे. त्या माश्या म्हणजे मिसरच्या फारोचे चिन्ह, म्हणजे मिसरी स्वाऱ्या, असा तर्क गार्स्टँग यांनी लढवला. जेजुरीच्या भुंग्यांवर तसा तर्क कुणी लढवू नये हे बरे. पोळे उठले की काय होते ते ग्रामीण महाराष्ट्राला चांगले माहीत आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचे उदाहरण वेगळ्याच कारणाने महत्त्वाचे आहे. मराठी बोलणारे हे यहुदी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आल्याची कथा सांगतात, एलियाहू हनाबीला मलिदा वाहतात. त्यांच्या जुन्या आचारात हनुक्का नव्हता, तो इतर यहुद्यांशी संपर्क आल्यावर आला. हनुक्का हा मक्काबींच्या लष्करी विजयाचा सण. पण तालमुदात त्याचे कारण म्हणून पुढे येतो तो एका दिवसाच्या तेलावर आठ दिवस तेवलेला दिवा. लढाई मागे सरते. रोमन सत्तेविरुद्धची बंडे चिरडली गेल्यावर यहुदी परंपरेने तलवारीवरचा जोर कसा काढून घेतला, याचा हा नमुना मानला जातो.

हरल्यावर काय?

आतापर्यंतच्या चर्चेत विजयांचाच बोलबाला आहे. या आढाव्यातला सर्वांत दुबळा दुवा तिथेच आहे. 1 शमुवेलच्या चौथ्या अध्यायात पलिष्ट्यांपुढे 4,000 जण पडल्यावर इस्राएलचे वडीलधारे ठरवतात, कराराचा कोश छावणीत आणू, म्हणजे देव वाचवील. कोश येतो, जमीन दणाणेल असा जयघोष होतो, पलिष्टी घाबरतात. आणि मग? 30,000 मरतात, कोश शत्रूच्या हाती जातो, कोशाबरोबर गेलेले याजक एलीचे दोन्ही मुलगे मारले जातात आणि बातमी ऐकून 98 वर्षांचा एली आसनावरून मागे कोसळून मरतो. देवाला हत्यारासारखे वापरता येत नाही, असा या अध्यायाचा रोख बहुतेक भाष्यकार मानतात. रणशिंगांवर प्रवचने होतात तितकी या अध्यायावर झाली, तर आजच्या श्रद्धेला त्याचा उपयोग अधिक होईल.

मराठी बखरींतही हीच कोंडी आहे. प्रतापगडाला देवी आहे, पानिपताला दैव आणि होणार आहे. विजयाचा कर्ता देव आणि पराभवाचा कर्ता नशीब, ही विभागणी सोयीची असली तरी टिकणारी नाही. बायबलच्या संदेष्ट्यांनी ती नाकारली. इसवी सनापूर्वी 586 मध्ये यरुशलेम पडले तेव्हा पराभवही देवाकडूनच आला, असे त्यांनी म्हटले. त्याचा त्रास असा, की मग प्रत्येक हरलेला पापी ठरतो.

आणि ज्यांना देवाने हरवले, त्यांचे काय? 1989 मध्ये अमेरिकेतल्या ओसेज जमातीचे रॉबर्ट अ‍ॅलन वॉरियर यांनी लिहिले, की आम्ही ही कथा कनानी लोकांच्या जागेवरून वाचतो, आणि तिथून ती मुक्तीची कथा दिसत नाही. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त अवतारकथा अशाच उलट्या करून वाचल्या: दैत्य म्हणून मारलेला बळी हा इथल्या रयतेचा राजा आणि खंडोबा, जोतिबा हे त्याचे अधिकारी. देवांचा विजय म्हणजे आक्रमकांचा विजय. मराठी दलित ख्रिस्ती पार्श्वभूमीचे धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी 1980 च्या दशकात दलित धर्मशास्त्राची मांडणी केली ती मात्र इस्राएलच्या बाजूने, दास्यातून सुटलेल्यांच्या कबुलीवर. एकाच मुलखातून दोन वाचने निघाली आणि दोन्ही दलितांच्या, शूद्रांच्या बाजूने. यांची नीट समोरासमोर भेट अजून व्हायची आहे.

यहुदी परंपरेत एक कथा आहे. मिसरी बुडत असताना देवदूत गाऊ लागतात आणि देव त्यांना गप्प करतो, कारण बुडणारेही त्याचेच. कोल्हापूरच्या पुराणकथेतली तजवीज निराळी आहे: मरताना कोल्हासुराने मागितले, की या क्षेत्राला माझे नाव राहावे. राहिले. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तिथे कोहळा फोडला जातो आणि त्याचे तुकडे मिळवायला लोकांची झोंबाझोंबी होते. राक्षसवधाची ही खूण. पण पालखी तिथे जाते ती रुसवा काढायला. लढाईत मदत करणाऱ्या त्र्यंबोलीला विजयाच्या समारंभात बोलवायचे राहून गेले, अशी कथा आहे.

आजच्या श्रद्धेपुढे

असे प्रसंग आजही घडतात असे मानणारे कमी नाहीत. राजस्थानच्या सरहद्दीवरच्या तनोट मातेच्या देवळाजवळ 1965 च्या युद्धात पडलेले गोळे फुटले नाहीत, असे जवान सांगतात. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते आणि न फुटलेले गोळे तिथे मांडून ठेवलेले आहेत. दुसऱ्या बाजूला पहिल्या महायुद्धातल्या मॉन्सच्या लढाईचे उदाहरण आहे. 29 सप्टेंबर 1914 ला आर्थर मॅकेन यांनी लंडनच्या एका वृत्तपत्रात काल्पनिक कथा लिहिली: पिछेहाट करणाऱ्या इंग्रज फौजेच्या मदतीला जुन्या काळचे धनुर्धारी आले. काही महिन्यांत त्याचे देवदूत झाले, साक्षीदार पुढे आले, आणि ही कथा आपण रचली आहे असे मॅकेन ओरडून सांगत असतानाही कुणी ऐकेना. एवढ्यावरून सगळ्याच साक्षी खोट्या ठरत नाहीत. दंतकथा पिकायला शतके लागतात हा समज मात्र मोडतो.

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या सी. पीटर वॅग्नर आदींच्या लेखनातून ‘आध्यात्मिक युद्धा’ची भाषा जगभरच्या प्रार्थनागटांत पसरली. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातली चिलखत-ढालीची प्रतिमा तिच्या मुळाशी आहे. आजारपण, कर्ज, व्यसन यांना शत्रू मानून यरीहोसारख्या प्रदक्षिणा घालणे, ठराविक दिवस उपास करणे हे तिचे रूप. समर्थक म्हणतात, यातून हताश माणसाला उभे राहायला बळ मिळते आणि तलवार कुणावरच उगारली जात नाही. टीका करणारे, त्यांत चर्चमधलेच अनेक, दोन धोके दाखवतात: शेजाऱ्याची वस्ती किंवा त्याचा धर्म हाच शत्रू ठरू लागतो, आणि बरे न झालेल्या माणसावर विश्वास कमी पडल्याचा ठपका येतो. दुसरा धोका जास्त घरांत शिरतो, कारण त्यावर कुठे बातमी होत नाही.

औद्योगिक वसाहतीतल्या माणसापुढे हा प्रश्न रोजच्या रूपात येतो. फौंड्रीत भट्टी 1,400 अंशांच्या पुढे तापलेली असते. तिच्यात ओले भंगार पडले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेले लोखंड उसळते. भट्टीवरचा माणूस सकाळी हात जोडतो आणि भंगार कोरडे आहे का तेही बघतो. यांत त्याला विसंगती वाटत नाही. नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांनी हेच केले: देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. एका हातात काम, दुसऱ्यात शस्त्र. या कथेत कुठलाही सूर्य थांबत नाही, भिंत पडत नाही. उलट 52 दिवसांत भिंत उभी राहते. श्रद्धेचा आजचा धडा शोधणाऱ्यांनी तिच्याकडे अधिक पाहावे, असे मत अलीकडे वारंवार मांडले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. अर्थात त्यावरही आक्षेप आहे. पहाराच भिंत राखत असेल तर देवाने नेमके काय केले? नहेम्या याचे उत्तर देत नाही.

न सुटलेले

पुरातत्त्वाने काही दारे बंद केली, तरी सन्हेरीब का परतला हे त्याला सांगता आलेले नाही. नैतिक प्रश्न तर अधिकच अडला आहे. यरीहोत इस्राएली हेरांना लपवणारी राहाब आणि तिचे घर वाचले, बाकी शहर कापले गेले. ही आज्ञा देवाची की देवाच्या नावावर माणसांनी टाकलेली, यावर कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि यहुदी विद्वानांत गटागटांनी मतभेद आहेत, आणि तो ग्रंथाच्या अधिकाराचा प्रश्न असल्याने तडजोड सोपी नाही.

आमोस संदेष्ट्याने आणखी एक खुंटी मारून ठेवली आहे. इस्राएलला मिसरातून आणणाऱ्या परमेश्वरानेच पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणले, असे तो म्हणतो. म्हणजे ज्यांच्याशी दावीद लढला त्यांचाही प्रवास याच देवाने घडवला. दावीद आणि गल्याथाच्या कथेवर या ओळीचा उजेड टाकून लिहिलेले भाष्य मराठीत निघाले, तर ते ख्रिस्ती वाचकांइतकेच खंडोबाच्या पायाशी मणी दैत्यालाही नमस्कार करणाऱ्यांनी वाचावे असे होईल.